मागाच्या मजुरीचा दर कोणी ठरवावा?

बऱ्हाणपूरच्या कलाबतूचा लौकिक ज्या काळी साऱ्या हिंदुस्थानात पसरलेला होता, त्या काळी तेथील सोन्याचांदीच्या तारेत हीण मिसळले जाऊ नये म्हणून वंशपरंपरागत पारखी नेमलेले असत, त्यांनी कस पाहून मान्यता दिल्याखेरीज चांदीची कांब तारकशाच्या हाती पडत नसे, आणि राज्ये बदलली तरी तपासणीची ही वहिवाट दीर्घकाळ अबाधित राहिली. चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवून तिची केसासारखी तार ओढणारा, ती तार ठोकून चपटी करणारा, ती रेशमाच्या धाग्यावर वळणारा आणि अखेरीस ती पागोट्याच्या वा शेल्याच्या पदरात विणणारा, अशा कितीतरी हातांखालून गेल्यावर तो माल बाजारात येई. त्या मालाचा कस पाहण्याची जबाबदारी सत्तेने आपल्या शिरावर घेतली होती, कारण कस उतरला तर पेठेची पत जाते आणि पत गेली तर जकातीचे उत्पन्न बुडते, हे तिला पुरते ठाऊक होते. परंतु ज्या हातांनी ही सारी कारागिरी केली, त्यांच्या पदरात पडणारी मजुरी पुरेशी आहे की नाही, हे पाहणारा पारखी फारुकी सुलतानांनी नेमला नाही, मोगल सुभेदारांनी नेमला नाही, शिंद्यांच्या कमाविसदारांनी नेमला नाही आणि इंग्रजांच्या डेप्युटी कमिशनरांनीही नेमला नाही. आज बऱ्हाणपुरात कलाबतू नावापुरती उरली असून तिच्या जागी यंत्रमागांचा खडखडाट आहे. मजुरीचा प्रश्न मात्र त्या पारख्यांच्या काळी होता तेथेच आहे, आणि तो सोडविण्याची वेळ आता येऊन ठेपली आहे, असे माझे मत असल्यामुळे या शहराच्या श्रमाचा इतिहास थोडा विस्ताराने मांडणे मला आवश्यक वाटते.

बऱ्हाणपूर हे तापीकाठचे नगर आज राजकीय नकाशात मध्य प्रदेशात असले, तरी इतिहासाने, बाजारपेठेने आणि बोलीने ते खानदेशाचेच अंग आहे. १६०१ मध्ये अशीरगड पडला आणि फारुकींची ही राजधानी मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण बनली. लाहोर, आग्रा, अहमदाबाद यांच्याबरोबरच येथेही बादशाही कारखाने चालत. सतराव्या शतकात टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या येथून गेला, तेव्हा येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याची नोंद त्याने करून ठेवली. सिंधीपुरा हे मोहल्ल्याचे नाव सिंधमधून येऊन येथे स्थायिक झालेल्या सूफी संतांच्या आणि त्यांच्या अनुयायांच्या वसाहतीची साक्ष देते. पुढे उत्तर हिंदुस्थानातूनही मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे सरकली, त्यांतील काही मालेगाव-भिवंडीकडे गेली, तर काही येथेच राहिली.

या वैभवाच्या ऐन मध्यावर १६३० ते १६३२ या वर्षांचा तो भीषण दुष्काळ पडला, ज्याने गुजरात आणि दख्खन यांच्या वस्त्या ओस पाडल्या. शहाजहान त्या वेळी बऱ्हाणपुरातच मुक्कामास होता. मुमताज महलचा मृत्यूही येथेच, १६३१ मध्ये झाला. बादशहाने अन्नछत्रे उघडविली, आणि आपल्या राज्यारोहणाचा वार म्हणून दर सोमवारी पाच हजार रुपये गोरगरिबांना वाटावेत, असा हुकूम दिला. हे औदार्य लहान होते असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्या विणकराच्या कापडावर इराणपासून कैरोपर्यंतचा व्यापार उभा होता, तो एका पावसाच्या खंडाने लंगरखान्याच्या रांगेत येऊन उभा राहिला, याचा अर्थ एवढाच होतो की त्या प्रचंड व्यापारातून त्याच्या घरात एका वर्षाचे धान्य साठविण्याइतकीही शिल्लक कधी पडली नव्हती. दान त्याला मिळाले, हक्काची मजुरी त्याला मिळालेली नव्हती. आणि दान व हक्क यांच्यामधील हे अंतर बऱ्हाणपूरच्या पुढच्या साऱ्या इतिहासातून ओळखता येते.

इंग्रजी अमलात १८६० च्या सुमारास हे शहर शिंद्यांकडून निघून निमाड जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रांतात सामील झाले. त्याच दशकात जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग भुसावळहून खांडव्याकडे जाताना लालबागेच्या बाजूने गेला, आणि मँचेस्टरचे सूत व कापड त्याच मार्गाने आत आले. हातमागाचा धंदा त्यामुळे खचला. परंतु लोहमार्गाने आणखी एक गोष्ट आणली, जिची नोंद आपल्याकडे फारशी कोणी करीत नाही: एका तारेवर, एका वेळापत्रकावर आणि एका वेतनश्रेणीवर काम करणाऱ्या नोकरांचा एक समुदाय त्याने मुंबईपासून निमाडापर्यंत पसरविला. १८९९ मध्ये याच जी. आय. पी. रेल्वेच्या तारमास्तरांनी संप पुकारला, त्या वेळी टिळकांच्या पत्रांनी त्यांची बाजू घेतली होती. शेकडो मैल विखुरलेली माणसे एकाच धन्याची चाकर असतील आणि त्यांचा दर एकच असेल, तर विखुरलेपण त्यांच्या एकीच्या आड येत नाही, हा धडा त्या संपाने दिला. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांनी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली वीस दिवस गाड्या रोखून धरल्या, तेव्हा भुसावळसारख्या जंक्शनाने तोच धडा पुन्हा एकदा गिरविला. यंत्रमागाच्या विचाराकडे आल्यावर या धड्याची मला पुन्हा गरज पडणार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लालबागेत बऱ्हाणपूर ताप्ती मिल उभी राहिली, आणि ज्या शहरात प्रत्येक घर हाच एक कारखाना होता, तेथे प्रथमच शेकडो माणसे एका भोंग्यावर एका फाटकातून आत जाऊ लागली. फाटक ही किरकोळ गोष्ट नव्हे. हिंदुस्थानातील कामगार चळवळीचा इतिहास पाहिला तर तो बहुतांशी गिरण्यांच्या फाटकांवर घडलेला आहे. मध्य प्रांताची राजधानी नागपूर; तेथे जमशेटजी टाटांनी १८७७ च्या पहिल्या दिवशी एम्प्रेस मिल सुरू केली, आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तेथे संप झाला, जो या देशातील गिरणीसंपांपैकी अगदी आरंभीचा गणला जातो. इकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनापुढे ठेवले, आणि सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १८९० मध्ये, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. पुढे नागपुरास रामभाऊ रुईकर यांच्यासारखा निधड्या छातीचा वकील कामगारांच्या बाजूने उभा राहिला, त्यांनी अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्षपदही भूषविले, आणि मध्य प्रांतातील गिरणी कामगाराचे दुःख नागपूरच्या कौन्सिल हॉलपर्यंत पोहोचू लागले. बऱ्हाणपूरचा कामगार या काळी नागपूरकडे पाहत असे. कचेऱ्या तेथे, कायदे तेथे, पुढारीही तेथेच.

परंतु त्याच्या शेजारी, तापीच्या खालच्या अंगाला, खानदेशातही फार मोठ्या उलाढाली चालल्या होत्या. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, आणि शेतकऱ्यांचा व मजुरांचा प्रश्न राष्ट्रीय सभेच्या मंडपात दाराजवळ न थांबता थेट आत येऊन बसला. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढून खानदेशातील शेतकरी-कामगारांची गाऱ्हाणी निर्भयपणे मांडली. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर १९४६ मध्ये गोळीबार झाला आणि त्यात श्रीपत पाटील व त्यांचे सहकारी बळी पडले, ही घटना खानदेशातील वृद्ध कामगारांच्या स्मरणातून अजून गेलेली नाही. स्वराज्य उंबरठ्यावर असताना, आपल्याच माणसांचे राज्य प्रांतात असताना हा गोळीबार झाला, हे विसरून चालणार नाही. कारण कामगाराला आपल्या मागणीची किंमत परकीय सत्तेलाच तेवढी द्यावी लागते, या समजुतीला त्या दिवशी तडा गेला.

१९४७ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने औद्योगिक तंटे मिटविण्याचा कायदा केला. या कायद्याने मान्यताप्राप्त संघटना निर्माण केली, लेबर ऑफिसर नेमले, नागपूर येथे राज्य औद्योगिक न्यायालय स्थापिले आणि संपापूर्वी सूचना व तडजोडीचे टप्पे सक्तीचे केले. कायद्याने संपाची धार बोथट केली, असा आक्षेप डाव्या विचारांचे पुढारी त्याही वेळी घेत असत आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. फाटकावरचा तंटा दप्तरात गेला की तो महिनोन्महिने कागदांखाली पडून राहतो, याचा अनुभव प्रत्येक गिरणगावाला आहे. तरीही माझ्या मते या कायद्याने घेतले त्याहून दिले अधिक, कारण मजुरीचा दर ही मालकाच्या मर्जीची बाब नसून तपासणीची बाब आहे, हे तत्त्व त्याने प्रथमच लिखित स्वरूपात मान्य केले. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याने ज्या मोजक्या सहा उद्योगांपासून आरंभ केला, त्यांत कापड आणि कागद हे दोन्ही होते. म्हणजे बऱ्हाणपूर तहसिलीतील ताप्ती मिल आणि तिच्या शेजारी नेपानगरात त्या वेळी उभा राहत असलेला कागदाचा कारखाना, या दोहोंचे उद्योग म्हातारपणाच्या तरतुदीच्या पहिल्याच यादीत आले. लंगरखान्यापासून येथपर्यंत यायला या शहराला तीन शतके लागली होती.

नेपानगरच्या कारखान्याविषयी वृत्तपत्राच्या वाचकांना वेगळे सांगायला हवे, कारण देशी वृत्तपत्री कागद प्रथम तेथेच तयार झाला. सालई आणि बांबू यांच्यापासून कागद करणारा हा कारखाना पंडित नेहरूंनी २६ एप्रिल १९५६ रोजी राष्ट्राला अर्पण केला. तो २०१६ मध्ये थांबला, सुमारे ४६९ कोटी रुपयांच्या पुनरुज्जीवन योजनेनंतर २०२२ च्या ऑगस्टात पुन्हा सुरू झाला. सरकारने मनावर घेतले तर बंद पडलेले यंत्र फिरू शकते, एवढे या उदाहरणाने सिद्ध होते, आणि ताप्ती मिलच्या कामगाराने ते आपल्या प्रत्येक अर्जात नमूद करावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बऱ्हाणपूरचे नागपूरशी असलेले प्रशासकीय नाते संपले. राजधानी भोपाळला, श्रमायुक्त आणि औद्योगिक न्यायालय इंदुरास. मजूर संघटनांची नाळही इंदूरच्या गिरण्यांतील इंटकप्रणीत संघाशी जोडली गेली, ज्याचे धुरीण व्ही. व्ही. द्रविड हे पुढे मध्य प्रदेशाचे श्रममंत्री झाले. १९६० च्या मध्य प्रदेश औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक संघटनेचे तत्त्व कायम ठेवले. राज्ये बदलताना दस्तऐवज हलतात, दप्तरे हलतात, पण माणसांच्या सवयी त्याच वेगाने हलत नाहीत. खानदेश-वऱ्हाडातील कामगारांच्या लढ्यांशी जो सहज संपर्क बऱ्हाणपूरला होता, तो या सरहद्दीने हळूहळू क्षीण केला, आणि इंदूरच्या पाचसहा मोठ्या गिरण्यांच्या छायेत तापीकाठची एकुलती गिरणी दुय्यम ठरली.

१९७४ मध्ये आजारी कापडगिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ताप्ती मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. मध्य प्रदेशातील महामंडळाच्या सात गिरण्यांत तिच्या जोडीला इंदूरच्या तीन, उज्जैनची हिरा मिल, भोपाळची न्यू भोपाळ टेक्स्टाइल आणि राजनांदगावची बंगाल नागपूर कॉटन मिल होती. ही शेवटची तीच गिरणी, जिथे ठाकूर प्यारेलाल सिंह यांनी १९२० मध्ये महिनाभराहून अधिक चाललेला संप चालविला होता. या सातांपैकी पाच एकामागून एक मिटल्या. उरलेल्या दोघींत ताप्ती मिल होती, हे तिच्या कामगारांच्या कसबाचे आणि चिकाटीचेच प्रमाणपत्र म्हणावे लागेल. मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदीच्या हुकुमाने महामंडळाच्या देशभरातील चालू असलेल्या तेवीस गिरण्या थांबल्या, आणि टाळेबंदी उठून वर्षे लोटली तरी त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. अचलपूरची फिनले मिल आणि बार्शीची गिरणी यांचीही हीच कथा आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकाला हे दुःख परके नाही. गिरणी बंद केल्याचा हुकूम नाही, चालविण्याचा निर्णय नाही. कामगाराच्या हाती अर्धा पगार, तोही वेळेवर मिळेल याची शाश्वती नाही.

संप करण्याचा हक्क कामगाराला आहे असे आपण म्हणतो, पण मालकानेच यंत्र थांबविले असेल तर कामगाराने कोणते काम थांबवावे? मालक खासगी असता तर राज्य सरकारकडे दाद मागता आली असती. येथे मालक स्वतः केंद्र सरकार आहे. इंदूरच्या हुकुमचंद मिलचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे: ती गिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, आणि तिच्या कामगारांच्या देण्यांची २२४ कोटींची रक्कम २०२३ च्या डिसेंबरात, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षांनी हातावेगळी झाली. त्या बत्तीस वर्षांत किती कामगार आपला हिशेब न पाहताच गेले असतील, याची कल्पना कोणत्याही गिरणगावच्या माणसाला करता येईल. बऱ्हाणपुरात तसे होऊ देता कामा नये. ताप्ती मिल चालवायची असेल तर कोणत्या तारखेपासून आणि किती चात्यांनी, हे केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने लेखी जाहीर करावे. चालवायची नसेल तर पूर्ण पगाराच्या हिशेबाने प्रत्येकाचे देणे एकरकमी चुकते करावे, आणि लालबागेच्या जमिनीचा एक चौरस फूटही त्यापूर्वी विकला जाऊ नये.

तथापि ताप्ती मिलचा प्रश्न आज सुटला, तरी बऱ्हाणपूरच्या मजुरांपैकी फार थोड्यांचा प्रश्न सुटेल, कारण या शहराचा खरा कारखाना आता गिरणीत नाही, तो मोहल्ल्यामोहल्ल्यांतील यंत्रमागांच्या हजारो साच्यांत विखुरलेला आहे. हे विखुरणे आपोआप झालेले नाही. कापडगिरण्यांतून विणकामाचा विभाग काढून तो यंत्रमागाकडे वळविण्याची प्रवृत्ती स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत अबकारी करांच्या फरकाने वाढविली, १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा कापडाच्या मागण्या भिवंडी-मालेगावकडे गेल्या, आणि १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमागाला गिरणीच्या बरोबरीची मोकळीक दिली. मुंबईच्या संपाला यश का आले नाही, याची पुष्कळ कारणे सांगितली जातात; पण कामगाराने ज्या क्षणी गिरणीचे फाटक अडविले, त्या क्षणी कापड दुसऱ्या ठिकाणी विणले जात होते, हे त्यांतले सर्वांत मोठे कारण आहे, असे मला वाटते. बुकरम, अस्तराचे कापड, मार्किन, धोतरे असा माल विणणारे बऱ्हाणपूर याच विकेंद्रित विणकामाच्या पट्ट्यातले एक केंद्र आहे.

या धंद्याची घडण बाहेरच्या माणसाला सहज उमगत नाही, म्हणून ती सांगतो. वर मोठा व्यापारी किंवा मास्टर वीव्हर. तो सूत देतो, बीम देतो आणि तयार कापड मीटरच्या मापाने परत घेतो. त्याच्याखाली लहान मागवाला; चार, आठ किंवा बारा माग त्याच्या मालकीचे असतात, पण सूतही त्याचे नसते आणि कापडही त्याचे नसते, त्याला मिळते ती फक्त विणण्याची मजुरी, ज्यातून विजेचे बिल, सुटे भाग आणि कर्जाचा हप्ता भागवायचा. सर्वांत खाली प्रत्यक्ष माग चालविणारा कामगार, जो एकाच वेळी अनेक साच्यांवर बारा-बारा तासांची पाळी करतो. त्याच्या घरी बायको-मुली कांड्या भरतात आणि त्यांची मजुरी तर कोणत्याच वहीत चढत नाही. व्यापाऱ्याने मीटरमागे दोन पैसे तोडले की मागवाला कामगाराचे तोडतो. कामगाराने वाढ मागितली की मागवाला आपली रिकामी थैली दाखवितो, आणि ती बहुधा खरोखरच रिकामी असते. त्यामुळे बऱ्हाणपुरात मजुरीवरून जेव्हा जेव्हा माग बंद पडतात, तेव्हा पुष्कळदा लहान मागवाला आणि कामगार दोघेही एकाच बाजूला उभे असलेले दिसतात, समोर व्यापारी. पण बंद मिटल्यावर झालेली तडजोड खालच्या पायरीपर्यंत उतरते की नाही, हे पाहणारा कोणी नसतो.

कायद्याने या कामगाराला अदृश्य केले, यात अतिशयोक्ती नाही. १९४८ चा कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा किंवा अधिक माणसे असल्यास लागू होत असे, म्हणून एकाच छताखाली मागांची नोंद भाऊ, पुतण्या, मेहुणा अशा तीन-चार नावांवर वाटली गेली. आता नव्या संहितेने ती मर्यादा दहावरून वीसवर नेली आहे, म्हणजे यापुढे ती नावे वाटण्याचेही कष्ट घ्यायला नकोत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेने संपापूर्वी चौदा दिवसांची सूचना सर्वच आस्थापनांना सक्तीची केली, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी सामूहिक रजा घेतली तर तोही संपच मानला जाणार आहे. जिथे फाटक आहे तिथे ही तरतूद संघटनेचे हात बांधील. जिथे आठ मागांची खोली हेच आस्थापन आहे, तिथे सूचना कोणाला द्यायची आणि वाटाघाटीच्या संघटनेसाठी लागणारे एकावन्न टक्क्यांचे बहुमत कशाचे मोजायचे, याचा विचार मसुदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. एकट्या मागवाल्याशी वाटाघाट करून कामगाराला काय मिळणार, जर त्या मागवाल्याचा दर दुसऱ्याच माणसाने ठरविलेला असेल?

विखुरलेल्या श्रमाला कायद्याचे छत्र देता येत नाही, हे मात्र खरे नाही. आपल्याच देशाने ते देऊन दाखविलेले आहे. विडी वळणारी बाई घरी बसून काम करते, तिला फाटक नाही, भोंगा नाही. तरी १९६६ च्या कायद्याने तिला कामगार मानले आणि १९७६ च्या कल्याण निधीने तिच्या हाती ओळखपत्र दिले. सिन्नर, संगमनेर, सोलापूर येथल्या विडी कामगार संघटनांनी त्याच ओळखपत्राच्या आधारावर पुढची झुंज दिली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून, ज्याचा मालक दर तासाला बदलतो अशा हमालाचे वेतन एका मंडळात जमा करविले आणि त्याला भविष्य निर्वाह निधी व रजा दिली. आणि यंत्रमागाच्याच धंद्यातले उदाहरण हवे असेल तर ते इचलकरंजीचे आहे: तेथील कामगारांनी २०१३ मध्ये चाळीसएक दिवस माग बंद ठेवले, आणि शेवटी बावन्न पिकाच्या (पीक म्हणजे इंचभर कापडातील आडव्या धाग्यांची संख्या) कापडाला मीटरमागे सत्याऐंशी पैसे व दर वर्षी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढ, असा साऱ्या शहराला लागू होणारा दर ठरला. पिकांच्या मापाने ठरलेला दर कोणत्याही मागाच्या खोलीत मोजता येतो, आणि मोजता येणारा दर मागता येतो. रेल्वेच्या तारमास्तरांना जे एका वेतनश्रेणीने मिळाले, ते इचलकरंजीच्या विणकराला एका पिकदराने मिळाले. वार्षिक वाढीच्या अंमलबजावणीवरून तेथे कुरबुरी होतात, मालकांच्या संघटना आणि कामगारांच्या संघटना आकड्यांवरून झगडतात. पण झगडा आता दराच्या आकड्यावर आहे, दर असावा की नसावा यावर नाही.

बऱ्हाणपूरने हाच मार्ग धरावा. त्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की एका शहराने मजुरी वाढविली तर व्यापारी सूत उचलून मालेगावला किंवा भिवंडीला नेईल. ही भीती निराधार नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराची तीच शोकांतिका झाली. म्हणूनच हा दर एकट्या बऱ्हाणपूरने ठरविण्याचा विषय नाही. मध्य प्रदेशाचे श्रमायुक्त इंदुरास बसतात, महाराष्ट्राचे मुंबईस. या दोघांनी बऱ्हाणपूर, मालेगाव, धुळे आणि भिवंडी या पट्ट्यासाठी व्यापारी, मागवाले आणि कामगार यांचे संयुक्त मंडळ नेमले, तर व्यापाऱ्याला पळून जाण्यास जागा उरणार नाही. राज्यांच्या सरहद्दीने जे तोडले ते एका दराने जोडता येईल. दुसरा आक्षेप लहान मागवाल्याचा: विजेचे दर आणि सुताच्या भावातील चढउतार यांनी तो आधीच पिचला आहे, त्याच्या डोक्यावर किमान मजुरीचा बोजा टाकला तर तो माग भंगारात विकेल. हे मान्य केले पाहिजे, आणि म्हणूनच कामगाराच्या मजुरीची हमी मागवाल्याकडून न मागता ज्याचे सूत आणि ज्याचे कापड, त्या व्यापाऱ्याकडून मागितली पाहिजे. व्यापारी मागवाल्याला देतो त्या प्रत्येक चिठ्ठीवर विणाईचा दर आणि त्यातील कामगाराचा वाटा स्वतंत्र लिहिलेला असेल, तर लहान मागवाल्यालाही ती चिठ्ठी आपल्या बचावासाठी पुढे करता येईल.

हे सारे केवळ सरकारच्या इच्छेने होईल असे मी मानत नाही. लोखंड्यांच्या सह्या, रुईकरांची वकिली, अमळनेरचे रक्त, यांच्यावाचून कोणत्याही कायद्याची एक ओळही लिहिली गेली नसती. बऱ्हाणपुरातील यंत्रमाग कामगार मोमीन आहे, कोष्टी आहे, मराठी बोलणारा आहे, निमाडी आणि उर्दू बोलणारा आहे. मोहल्ल्याची आणि जमातीची भिंत मजुरीच्या प्रश्नावर आड येऊ दिली, तर व्यापारी प्रत्येक मोहल्ल्याशी वेगळा सौदा करील. कामगाराने आपली संघटना मोहल्ल्याच्या नावाने न बांधता पिकदराच्या नावाने बांधावी, आणि तिच्यात कांडी भरणाऱ्या बायकांना सभासद म्हणून घ्यावे, कारण त्यांच्या श्रमाखेरीज एकही धोटा फिरत नाही.

आरंभ करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. वेतन संहितेने मोबदला तासावर असो की नगावर, प्रत्येक कामगाराला किमान वेतनाच्या कक्षेत आणलेले आहे. ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगारांची नोंदणी २०२१ पासून चालू आहे. बऱ्हाणपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या सहा महिन्यांत प्रत्येक मागाच्या खोलीची पाहणी करून एक नोंदवही करावी, जिच्यात मागांची संख्या, त्यावर चालणाऱ्या पाळ्या, माग चालविणाऱ्याचे आणि कांडी भरणारीचे नाव, कापडाचे पीक, त्या पिकाचा चालू दर आणि सूत पुरविणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव असेल. ती वही दर तिमाहीला शहरातील प्रत्येक वॉर्डात मराठी, हिंदी आणि उर्दूत लावावी, आणि तिच्यातील दरावर हरकत घेण्याचा अधिकार कामगाराला द्यावा. चांदीच्या कांबीचा कस पाहणाऱ्या पारख्याच्या तोडीचे काम या वहीवर बसणाऱ्या अधिकाऱ्याचे आहे, आणि त्याची पहिली नेमणूक बऱ्हाणपुरातच व्हावी.